नेड बीटीचे कोणते चित्रपट बघू? (आणि सात मिनिटांच्या भूमिकेबद्दल एक प्रश्न)

तिसरी घंटा

नमस्कार मंडळी.

मी भोसरीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. संध्याकाळी आठ ते साडेदहा आमच्या हौशी ग्रुपची तालीम असते, सदाशिव पेठेत एका शाळेच्या हॉलमध्ये. बारा वर्षं झाली याला. यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही एक दोन अंकी नाटक बसवतोय, त्यात मला कारखान्याच्या मालकाचं काम आहे. पहिल्या अंकात मी नाहीच. दुसऱ्या अंकात येतो, सात मिनिटं असतो, त्यातली साडेचार मिनिटं सलग माझंच भाषण. समोर युनियनचा माणूस गप्प बसून ऐकतो. मी निघून जातो आणि तिथून नाटक फिरतं, असं संहितेत आहे. तालमीत अजून फिरत नाहीये.

आमच्या दिग्दर्शिकेने (आम्ही सगळे तिला ताई म्हणतो) सांगितलं, १९७६ चा 'नेटवर्क' बघ, त्यात नेड बीटी नावाच्या नटाचा एकच मोठा प्रसंग आहे, तेवढा बघ. बघितला. ओळीने पाच वेळा बघितला. मग याने आणखी काय काय केलंय म्हणून शोधायला गेलो आणि चक्रावलो. लहानपणी चिंचवडला भाड्याच्या व्हीसीआरवर बघितलेल्या 'सुपरमॅन'मधला खलनायक लेक्स ल्यूथरचा तो गबाळा साथीदार ओटिस, तो हाच. आणि 'टॉय स्टोरी ३'मधलं स्ट्रॉबेरीच्या वासाचं गुलाबी अस्वल, त्याचा आवाजही याचाच. ते अस्वल बघून माझ्या मुलीने तिचं स्वतःचं टेडी दोन दिवस कपाटात ठेवलं होतं. तिन्ही ठिकाणी मला हा एकच माणूस आहे अशी शंकासुद्धा आली नव्हती.

तर जाणकारांनी सांगा: याचे आणखी कोणते चित्रपट बघू? हा तयार कसा झाला? आणि मुख्य म्हणजे, तो प्रसंग तो नेमका कसा करतो? माझं असं होतं की पहिल्याच मिनिटाला आवाज टिपेला जातो आणि पुढची साडेतीन मिनिटं हातात काही उरत नाही. ताई म्हणते, तू चढतोस आणि वरच लटकून राहतोस. मला हे काम चांगलं करायचंय. मनापासून विचारतोय.

कर्वे रोड

'नेटवर्क'साठी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन होतं. मिळालं जेसन रोबार्ड्सला, 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'साठी. त्या चित्रपटातही बीटी आहेच. मायामीच्या सरकारी तपास अधिकाऱ्याचं काम, ज्याला भेटायला डस्टिन हॉफमनला दिवसभर बाहेर ताटकळावं लागतं. 'नेटवर्क'मधल्याच बिअट्रिस स्ट्रेटला मात्र जेमतेम पाच मिनिटांच्या कामासाठी ऑस्कर मिळालं. त्यामुळे सात मिनिटं कमी आहेत असं मनात आणू नका.

दुसरं प्रूफ

तिसरी घंटा, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि सकाळी फिरायला न जाता लिहायला बसलो. हा माझा फार जवळचा नट आहे.

मी एकाहत्तर वर्षांचा. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून नोकरी झाली. तुमच्यासारखंच संध्याकाळी हौशी नाटक, पंचवीस वर्षं, आणि कायम दुसऱ्या अंकात येणारा माणूस: मामलेदार, डॉक्टर, मुलीचा सासरा. 'नेटवर्क' मी लॉ कॉलेज रस्त्यावर अर्काइव्हच्या थिएटरात बघितला. बाहेर आल्यावर मित्र नायक झालेल्या पीटर फिंचबद्दल बोलत होते, मी त्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसातच अडकलो होतो.

आधी तो तयार कसा झाला ते सांगतो, कारण तुमच्या अडचणीचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

जन्म ६ जुलै १९३७, केंटकी राज्यातलं लुईव्हिल. लहानपणी चर्चमध्ये आणि चौघाचौघांच्या गायनमेळ्यांत गायचा. गाण्याच्याच शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेला, पदवी काही घेतली नाही. १९५६ साली, एकोणिसाव्या वर्षी, बेरिया गावात उघड्यावर होणाऱ्या एका ऐतिहासिक नाटकात पहिलं काम केलं. तिथून पुढे सोळा वर्षं नाटक, नाटक आणि नाटक. व्हर्जिनियातल्या ॲबिंग्डन गावच्या बार्टर थिएटरमध्ये तो बराच काळ होता. या थिएटरची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९३३ साली, मंदीच्या काळात ते सुरू झालं. तिकीट चाळीस सेंट, आणि तेवढे पैसे नसतील तर तेवढ्या किमतीची भाजी, कोंबडी, जे घरात असेल ते आणा. आपल्या गावगाड्यात बलुतं होतं, तसा नटांनी खेळ करायचा आणि गावाने त्यांना जगवायचं. बीटी तिथे गेला तोवर ते दिवस मागे पडले होते, पण जी संस्था भाजीच्या जुडीवर उभी राहिली तिथे मी छोटं काम करणार नाही असं म्हणायची सवय कुणाला लागत नसणार. पुढे वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजमध्ये. मधे १९६६ ला लुईव्हिलच्या ॲक्टर्स थिएटरमध्ये त्याने 'डेथ ऑफ अ सेल्समन'मधला विली लोमन केला. वय तिशीच्या आत, आणि काम साठी उलटलेल्या, थकलेल्या फिरत्या विक्रेत्याचं. हा विक्रेता लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

सिनेमात आला तो १९७२ साली, जॉन बूरमनच्या 'डिलिव्हरन्स'मध्ये. पस्तिशीला टेकला होता. शहरातले चार मित्र नदीत नावा घेऊन जातात, त्यातला हा जाडसर, गप्पिष्ट विमा एजंट बॉबी. जंगलात त्याच्यावर बलात्कार होतो. तो प्रसंग बघवत नाही, पण मला सांगायचंय ते त्यानंतरच्या अर्ध्या चित्रपटाबद्दल. बॉबी इतरांच्या नजरेला नजर देत नाही. कुणी त्याच्याबद्दल बोलू नये म्हणून धडपडतो. काहीच न बोलता बीटीने लाज उभी केली आहे. आणि याची किंमत त्याने आयुष्यभर मोजली. रस्त्यात अनोळखी पुरुष त्या प्रसंगातली ओळ ओरडून त्याला चिडवत. १९८९ साली त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये यावर लेख लिहिला. बायका ज्या भीतीत रोज जगतात ती पुरुषांना एकदा जाणवली तर काय होईल, असा त्याचा प्रश्न होता. नटाने स्वतःच्या भूमिकेतून इतकं शहाणपण काढलेलं मी क्वचित पाहिलं आहे.

इथे मला आपल्या निळूभाऊंची आठवण येते. निळू फुले पुण्यातले, लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले, सेवादलातले, अत्यंत सज्जन गृहस्थ. पडद्यावर पाटील आणि सरपंच असे केले की गावोगावी बायका त्यांना बघून आत निघून जायच्या. आणि त्याच माणसाने 'सिंहासन'मध्ये पत्रकार दिगू टिपणीस केला. तो सबंध चित्रपटभर बघत राहतो, टिपत राहतो, आणि शेवटी त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चरित्र अभिनेता हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचा खरा अर्थ मला या दोघांकडे बघून कळला.

आता 'नेटवर्क'. पटकथा पॅडी चायेफ्स्कीची, दिग्दर्शन सिडनी लुमेटचं. टीव्हीवर बोंबा मारून लोकप्रिय झालेल्या हॉवर्ड बीलने कंपनीचा एक मोठा सौदा मोडायला लावला आहे, म्हणून कंपनीचा सर्वेसर्वा आर्थर जेन्सन त्याला बोलावून घेतो. तुम्ही पाच वेळा बघितलंत ते भाषण. सहाव्यांदा बघाल तेव्हा भाषणाच्या आधीचं बघा. जेन्सन बीलला सांगतो की मी विक्रेता म्हणून सुरुवात केली. शिवणयंत्रं विकली, मोटारींचे सुटे भाग विकले, केसांचे ब्रश विकले. आता तुम्हाला एक गोष्ट विकून बघतो.

विक्रेता! दहा वर्षांपूर्वी लुईव्हिलच्या रंगमंचावर जो हरला होता, त्याचाच जिंकलेला भाऊ. तो जो गडगडतो तो रागाने नव्हे. चिडलेल्या दुकानदाराकडून कुणी काही घेतं का? तुळशीबागेत जाऊन अर्धा तास उभे राहा. वाटेवरची पोरं आवाज चढवतात ते गर्दीतलं गिऱ्हाईक थांबवायला. थांबलं की आवाज एकदम खाली येतो. मग ते जवळ येऊन, तुमच्यासाठी म्हणून, खासगीत भाव सांगतात. जेन्सन हेच करतो. लांबून मेघगर्जना करतो, बील हबकतो, आणि मग तो टेबलाच्या कडेने चालत येऊन अगदी घरगुती आवाजात विचारपूस करतो. माझ्या अंगावर काटा येतो तो या घरगुती आवाजाने.

तुमचा आवाज पहिल्या मिनिटाला संपतो, कारण तुम्ही मालक चिडला आहे असं धरून चालला आहात, असा माझा अंदाज. मालकाला त्या युनियनवाल्याकडून काय हवंय? आणि मालक होण्याआधी तो काय काम करत होता? संहितेत शोधा. बीटीचं कुठलंही काम घ्या, माणसाचा धंदा त्याच्या अंगात असतो. 'डिलिव्हरन्स'चा विमा एजंट ओळख होताक्षणी सलगी करतो. 'रुडी'मधला (१९९३) बाप पोलाद कारखान्यातला कामगार आहे, तो पोराशी बोलतानाही शब्द मोजून वापरतो.

बाकी यादी भराभर देतो. १९७६ याच एका वर्षात 'नेटवर्क' आणि 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'च्या जोडीला 'सिल्व्हर स्ट्रीक' आणि 'मायकी अँड निकी' आहेत. शेवटच्यात तो भाडोत्री मारेकरी आहे आणि त्याला गाडी लावायला जागा मिळत नाही. तो जरूर बघा. 'वाइज ब्लड' १९७९. 'हिअर माय साँग' १९९१, त्यात तो आयरिश गायक जोसेफ लॉक झाला. जन्मभर गाणाऱ्या माणसाला गायकाची भूमिका मिळाली आणि पडद्यावर गळा मात्र दुसऱ्याचा होता. तरी तो श्वास कुठे घेतो, छाती कशी भरते ते बघा, त्याचं गाणं तिथे आहे. टीव्हीवर 'होमिसाइड'मधला बाल्टिमोरचा पोलीस, १९९३ ते ९५. आणि साठी ओलांडल्यावर पुन्हा रंगमंच: 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ'मधला बिग डॅडी, आधी लंडनला आणि मग २००३ मध्ये ब्रॉडवेवर. त्यासाठी त्याला ड्रामा डेस्क पुरस्कार मिळाला. ते आपल्याला बघायला मिळणार नाही याचं मला फार वाईट वाटतं.

१९७७ च्या एका मुलाखतीत त्याने म्हटलं होतं की तारा झालं की नटाची ताकद कमी होते, लोकांना तुम्ही काय करणार हे आधीच कळतं. त्याला प्रेक्षकांना चकवायला आवडायचं. तुम्ही तीनदा चकलात. ते कळलं असतं तर तो खूश झाला असता. १३ जून २०२१ ला गेला, त्र्याऐंशी वर्षांचा होऊन.

डिमर

मी प्रकाशयोजना करतो, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. 'नेटवर्क'चा तो प्रसंग न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीत चित्रित केला आहे. छायालेखक ओवेन रॉइझमन. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना हिरव्या झाकणांच्या दिव्यांची रांग, आणि खोलीत अंधार. बीटी पार त्या टोकाला. बोलायला लागतो तेव्हा पडद्यावर तो बोटभर दिसतो. कॅमेरा लगेच त्याच्या चेहऱ्यावर गेला असता तर त्याला ओरडायचं कारणच उरलं नसतं. एवढ्या लांबून पोचायचं आहे म्हणून तो आवाज, आणि चालत जवळ आला की त्याची गरज संपते.

तुमच्या ताईंना विचारा की मालकाची पहिली जागा कुठे आहे. मी पैजेवर सांगतो, तुम्हाला एन्ट्रीनंतर थेट पुढे, मधोमध आणून उभं केलं असणार. मग जायला जागाच नाही, तुम्ही वरच चढणार. मागच्या दारापाशी सुरू करा. तिथे वरून एकच दिवा, अर्धा चेहरा अंधारात चालेल, आवाज आहे ना! मग साडेचार मिनिटांत पंधरा फूट चालायचे आहेत. युनियनवाल्याच्या खुर्चीपाशी पोचाल तेव्हा तिथला प्रकाश साधा, ऑफिससारखा पिवळट ठेवायचा. प्रेक्षक आपोआप पुढे वाकतात. स्पर्धेच्या केंद्रावर दिवे मोजके मिळतात, पण याला तीन स्पॉट पुरतात.

ओंजळ

दुसरं प्रूफ काका, तुमच्या यादीत 'नॅशव्हिल' राहिला. रॉबर्ट ऑल्टमनचा, १९७५ चा. माझ्यासाठी बीटीचं सगळ्यात खरं काम ते आहे.

मी पुण्यात कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. 'नॅशव्हिल'मध्ये बीटी डेल्बर्ट नावाचा वकील आहे, एका राजकीय प्रचारसभेची जमवाजमव करणारा. बायको लिली टॉमलिन, चर्चमध्ये गाणारी. त्यांची दोन्ही मुलं कर्णबधिर आहेत. घरातला एक प्रसंग आहे. मुलगा पोहण्याबद्दल हातांनी सांगतोय, बोटं, चेहरा, डोळे, सगळं एकदम बोलतंय. आईचं सगळं लक्ष त्याच्याकडे. आणि बापाला त्यातलं कळत नाही. तो बायकोकडे बघतो, तिने सांगावं म्हणून.

असे बाबा मी दर पालकसभेला बघते. वाईट नसतात हो. फी वेळेवर भरतात, मुलाचं कानाचं मशीन बिघडलं तर रजा काढून दुरुस्तीला नेतात. फक्त खुणांची भाषा शिकायची राहून गेलेली असते, आणि मुलगा आता नऊ वर्षांचा झालेला असतो. मुलाने काही सांगितलं की ते माझ्याकडे बघतात, अगदी तसेच. मी 'नॅशव्हिल' बघताना त्या क्षणी थांबवला आणि रडले. त्याने त्या बापाला खलनायक केलं नाही, बिचाराही केलं नाही. त्याला फोन करायचे आहेत, माणसं जमवायची आहेत, तो कामात आहे, एवढंच दाखवलं.

तिसरी घंटा दादा, तुमच्या प्रसंगात तो युनियनचा माणूस साडेचार मिनिटं गप्प आहे ना? तो गप्प राहून काय सांगतोय हे मालकाला कळतंय की नाही, ते ठरवा. तुम्ही भाषणाबद्दल लिहिलंत, त्याच्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीत.

दुसरं प्रूफ

ओंजळ, बरोबर आहे. 'नॅशव्हिल' यादीत वरच हवा होता. तुम्ही सांगितलंत तसा तो प्रसंग मी कधी बघितला नव्हता. आज पुन्हा बघतो.

तिसरी घंटा

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, रोज तालीम होती.

काकांनी सांगितल्यावर संहिता परत वाचली. भाषणाच्या मध्यावर एक वाक्य आहे, 'मी पण लेथवर उभा राहिलोय.' आजवर मी ते टाळीसाठी छाती काढून म्हणायचो. म्हणजे हा टर्नर होता, लेथ यंत्रावर लोखंड कातणारा! आणि टर्नर मी रोज बघतो. आमच्याकडे एक जुने कारागीर आहेत, निवृत्तीला आले आहेत. जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, हातात आला की ते आधी मायक्रोमीटर घेत नाहीत. अंगठा कडेवरून फिरवतात, बर, म्हणजे कातताना कडेला राहणारी धारदार कोर, राहिली आहे का ते बघतात, आणि हे करताना समोरच्याशी बोलतात ते एकदम हळू. मी बारा वर्षं त्यांच्या शेजारी उभा आहे आणि हे मला भूमिकेत आणायचं सुचलं नव्हतं.

डिमर, पैज जिंकलात. मी मधोमधच होतो. ताईने जागा बदलली, आता मागच्या दारापासून सुरुवात.

ओंजळताई, तुमचं शेवटचं वाक्य मी आमच्या युनियनवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मी तीन महिने वाट बघतोय तू माझ्याकडे कधी बघशील म्हणून. त्यानेच सुचवलं की मालकाला द्यायला त्याने एक नाकारलेला जॉब खिशातून आणलेला असावा. काल तो त्याने टेबलावर ठेवला. मी दारातून बोलत बोलत आलो, तो उचलला, कडेवरून अंगठा फिरवला. त्यावर खरंच बर होती, मी आमच्या शॉपमधल्या भंगारातून आणलेला जॉब होता. माझा आवाज आपोआप खाली गेला. लेथवालं वाक्य मी त्या तुकड्याकडे बघत म्हणालो, आणि मान वर केली तेव्हा तो माझ्या अंगठ्याकडे बघत होता.

साडेचार मिनिटांचं भाषण काल पाच मिनिटं दहा सेकंद झालं. मी ताईला म्हटलं, स्पर्धेत वेळेचं काय करायचं? ती म्हणाली, ते पहिल्या अंकातून काढू.